चालणाऱ्याला बक्षीस, पण चालावयाचे कोठे?

२०२० च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या आनंद विहार रेल्वे स्थानकावर एक यंत्र बसविण्यात आले. त्याच्यासमोर उभे राहून तीन मिनिटांत तीस बैठका काढणाऱ्या प्रवाशास फलाटाचे तिकीट फुकट मिळे. रेल्वेमंत्र्यांनी स्वतः त्याची चित्रफीत प्रसृत केली आणि वृत्तपत्रांनी कौतुकाचे रकाने भरले. कल्पना उसनी होती. २०१३ साली मॉस्कोच्या भुयारी रेल्वेने हिवाळी ऑलिंपिकच्या जाहिरातीसाठी हाच खेळ मांडला होता. त्यावर हसून पुढे जाता आले असते. पण देशातील कोणत्याही मोठ्या स्थानकावर डोक्यावर दोन-दोन पेट्या तोलीत जिने चढणारा-उतरणारा हमाल असतो, आणि त्याच्या बैठका मोजणारे यंत्र आजवर कोणत्याही रेल्वेमंत्र्यास सुचलेले नाही. ज्याला व्यायामाची फुरसत आहे त्याच्या घामाला बक्षीस, आणि ज्याचा घाम हेच पोट भरण्याचे साधन आहे त्याच्या घामाची दखलच नाही, असा हा व्यवहार आहे. तो एका स्थानकापुरता असता तर येथे लिहिण्याचे कारण पडले नसते.

नागरिकांनी रोजच्या रोज शरीर हलवावे आणि लठ्ठपणा घटावा म्हणून त्यांना पैसा, सवलत वा बक्षीस द्यावे, हा विचार गेल्या काही दशकांत जगभर पसरला आहे. ब्रिटनने १९९९ पासून सायकलने कामावर जाणाऱ्यांस करसवलत दिली. दुबईच्या नगरपालिकेने २०१३ च्या रमजान महिन्यात घटविलेल्या प्रत्येक किलोमागे किमान एक ग्रॅम सोने देऊ केले. सिंगापूरने २०१५ पासून पावले मोजून खरेदीची कूपने वाटली. आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाने २०२० च्या सप्टेंबरात मार्गदर्शक सूत्रे काढली आणि व्यायाम करणाऱ्या ग्राहकांना गुण देऊन त्या गुणांवर हप्त्यात सूट देण्याची मुभा आरोग्यविमा कंपन्यांना दिली. आता आपल्या चळवळीतील काही तरुण मित्रही विचारू लागले आहेत की, महापालिकेने रोज अमुक हजार पावले चालणाऱ्यास घरपट्टीत सूट दिली तर त्यात वाईट काय? कल्पना आधुनिक आहे, लोकप्रिय होईल, शिवाय खर्चही फार नाही. या मित्रांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु ही कल्पना मुळात आपली नाही, ती समाजवाद्यांनी उचलू नये, आणि सार्वजनिक आरोग्यासाठी खर्चावयाचा पैसा व्यक्तीच्या पावलांवर न उधळता तो पदपथ, बस, मैदान आणि कामाचे तास यांवर लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही जुने कार्यकर्ते याच्या उलट टोकाला असतात. लठ्ठपणा हा खात्यापित्या घरचा रोग, उपाशी माणसांच्या पक्षाने त्याची चिंता का वाहावी, असा त्यांचा सवाल असतो. एके काळी तो रास्त होता, आज नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनाचे वा लठ्ठ आढळले. चौथ्या फेरीत हे आकडे २०.६ आणि १८.९ होते. ग्रामीण स्त्रियांमध्येही हे प्रमाण जवळजवळ पाचांत एक इतके झाले आहे. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया वाजवीपेक्षा कृश होत्या, म्हणजे एकाच वस्तीत, कित्येकदा एकाच घरात, भूक आणि मेद शेजारीशेजारी नांदत आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर दाखविली. मधुमेह झालेल्या रिक्षाचालकाच्या घरात औषधांचा खर्च कोठून निघतो हे प्रभागात काम करणाऱ्यांना मी सांगावयास नको. म्हणून प्रश्न आपलाच आहे. वाद आहे तो उपायाविषयी.

व्यायाम आणि आरोग्य यांचा संबंध विज्ञानाने प्रथम कोठे पकडला, हे पाहिले की उपायाची दिशाही दिसू लागते. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लंडनच्या बसकामगारांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. दुमजली बसचा चालक पाळीभर बसून असे. वाहक पाळीभर जिना चढे आणि उतरे. दोघेही एकाच उपक्रमाचे कामगार, एकाच थरातले. तरीही वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झालाच तर तो उशिरा आणि सौम्य स्वरूपात. पत्रे वाटीत हिंडणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला. तीन वर्षांनी मॉरिस यांनी या कामगारांच्या गणवेशाची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा निघाला. (हा फरक काही अंशी माणसे नोकरीत शिरतानाच घेऊन येत असावीत, ही शंकाही त्यांनी स्वतःच नोंदविली. हल्लीच्या आरोग्यसल्लागारांकडून इतक्या सचोटीची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.) या वाहकाला कोणी जिन्याच्या पायरीमागे पेनी देत नव्हते. पहाटे उठून धावण्याचा निश्चयही त्याला करावा लागत नव्हता. त्याची हालचाल त्याच्या पगारी कामाच्या तासांत सामावलेली होती आणि पाळी संपली की तो घरी जाऊन विसावा घेऊ शकत होता.

यावर कोणी म्हणेल की मग हमालच सर्वांत निरोगी असावयास हवा. तसे नाही. डेन्मार्कमधील अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे की फुरसतीच्या वेळी केलेल्या व्यायामाने जे लाभ होतात ते दिवसभराच्या ओझ्याच्या कामाने होत नाहीत, कारण त्या कामात विश्रांती नसते, वेग दुसऱ्याच्या हातात असतो आणि शरीर सावरण्यास अवधी मिळत नाही. आपल्याकडे पोत्याचे वजन शंभर किलोंवरून पन्नासावर आणावे म्हणून हमाल संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. तो लढा मजुरीचा जितका होता तितकाच आरोग्याचाही होता, पण कोणत्याही तंदुरुस्ती मोहिमेच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख सापडणार नाही. तात्पर्य, हालचाल आणि विसावा या दोन्ही गोष्टी कोणाच्या वाट्याला किती येतात हे श्रमाच्या संघटनेवर ठरते. व्यक्तीचा आळस हा त्यातला फार लहान भाग आहे.

आता बक्षिसांच्या परिणामकारकतेकडे वळू. अर्थशास्त्र शिकविण्यात माझी पस्तीस वर्षे गेली, आणि किंमत बदलली की वर्तन बदलते हे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहावे लागते. ते खोटे नाही, पण ते सारे सत्यही नाही. मॉरिस यांचे महायुद्धकाळातील सहकारी रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात रक्तदानाचा प्रश्न घेऊन असे मांडले की, जे माणूस सहभावाने करतो त्याला पैसा लावला की कृतीचा अर्थच पालटतो. बाजारवादी पंडितांनी त्या वेळी नाके मुरडली. २००० साली इस्रायलमधील हैफा येथील पाळणाघरांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांवर दंड बसविला, तर उशिरा येणारे वाढले, आणि दंड मागे घेतल्यावरही ते पूर्वपदावर आले नाहीत. ज्याची लाज वाटत होती त्याचा भाव ठरला होता.

व्यायामाच्या बाबतीत तर थेट चाचण्याच उपलब्ध आहेत. सिंगापूरमध्ये तेरा संस्थांतील आठशे कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला पावले मोजणाऱ्या पट्ट्याबरोबर सहा महिने रोख बक्षिसे देण्यात आली. बक्षिसे चालू होती तोवर हालचाल वाढली. ती थांबताच वाढ ओसरली, आणि वर्षअखेरीस वजन वा रक्तदाब यांत सुधारणा झाल्याचे दिसले नाही. याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आहे. अमेरिकेतील विद्यार्थ्यांवरील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पूर्वी व्यायामशाळेचे तोंड न पाहिलेल्या काहींची सवय पैसे थांबल्यावरही काही आठवडे टिकली. काही आठवडे. ज्या रोगांचा हिशेब वीस-वीस वर्षांचा असतो त्यांच्यावर आठवड्यांची सवय हे धोरण होऊ शकत नाही, आणि बक्षीस जन्मभर देत राहावयाचे तर तो पगारच झाला.

परंतु माझा मुख्य आक्षेप परिणामाविषयी नाहीच. तो वितरणाविषयी आहे. बक्षीस नेमके कोणाच्या हाती पडते? अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर अशाच एका तंदुरुस्ती योजनेची यदृच्छ चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पैसे देऊ करूनही वैद्यकीय खर्चात वा सवयींत लक्षणीय फरक पडला नाही. फरक दिसला तो योजनेत कोण सामील झाले यात. ज्यांचा वैद्यकीय खर्च आधीपासूनच कमी होता, ज्यांच्या सवयी आधीपासूनच बऱ्या होत्या, तेच पुढे आले. म्हणजे योजनेने रोगी बरे केले नाहीत, तिने निरोगी तेवढे निवडून काढले. विमा कंपनीला याहून अधिक काय हवे? ‘चाला आणि हप्त्यात सूट मिळवा’ या जाहिरातीचा मथितार्थ हाच आहे. मनगटावर महागडे घड्याळ बांधून सकाळी उद्यानात फिरणारा पस्तिशीचा अधिकारी तिला हवा आहे. गुडघे झिजलेली मोलकरीण तिला नको आहे. ती दिवसाकाठी चार घरांचे जिने चढते, पण तिची पावले कोणत्याही घड्याळात उमटत नाहीत. आरोग्यविम्याचे मूळ तत्त्व असे की निरोग्याने रोग्याचा भार काही अंशी उचलावा. त्या तत्त्वाला येथे आरोग्याच्याच नावाने सुरुंग लावला जात आहे, आणि नियामक प्राधिकरण त्याला प्रतिबंधक आरोग्य म्हणत आहे.

करसवलतीचेही तेच. ब्रिटनच्या सायकल योजनेत कामगाराच्या पगारातून सायकलीची रक्कम करपूर्व कापली जाते. ज्याचा कराचा दर मोठा त्याची बचत मोठी. आणि या कपातीमुळे पगार किमान वेतनाच्या खाली जाऊ देता येत नसल्याने नेमका किमान वेतनावरचा कामगार, ज्याला सायकलीची खरी गरज, तो योजनेबाहेर राहतो. हा काही कोणाच्या दुष्टपणाचा परिणाम नाही. व्यक्तिगत उत्तेजनाची रचनाच अशी आहे की ज्याच्याजवळ वेळ, पैसा आणि कागदपत्रे असतात त्याच्याकडे ते घरंगळत जाते. आपल्या तरुण मित्रांची घरपट्टीतील सूट घ्या. घरपट्टी भरणारा तो घरमालक. भाडेकरू, पथारीवाला, झोपडीवासी यांना सूट कशावर देणार?

सिंगापूरचे नाव या चर्चेत वारंवार घेतले जाते, म्हणून त्याविषयी थोडे अधिक. तेथील लोक चालतात हे खरे. पण ते कूपनांसाठी चालतात काय? त्या राज्याने १९९० पासून मोटार घेण्याचा परवानाच लिलावाने मर्यादित संख्येत विकण्यास सुरुवात केली आणि २०१८ पासून खासगी मोटारींच्या संख्येची वाढ शून्यावर आणून ठेवली. २०१३ ते २०१८ या काळात रेल्वे स्थानके आणि बसथांबे यांकडे जाणारे सुमारे दोनशे किलोमीटर आच्छादित पदपथ बांधले, म्हणजे भर पावसात माणूस न भिजता स्थानकापर्यंत चालत जातो. लोकशाहीच्या बाबतीत त्या राज्याकडून शिकण्यासारखे काही नाही. परंतु आमचे नियोजनकर्ते तेथे अभ्यासदौऱ्यावर जातात आणि परत येताना फक्त कूपनाची कल्पना घेऊन येतात, मोटारींवरचे निर्बंध विमानतळावरच विसरतात!

आपल्याकडे काय चालले आहे ते पाहावयाचे तर २०२५ सालातील केवळ चाळीस दिवस पुरेत. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून लठ्ठपणाचे संकट सांगितले आणि घरोघरी तेल दहा टक्के कमी वापरण्याचे आवाहन केले. ३ सप्टेंबरला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्याच्या दुरुस्त्यांना मान्यता दिली. २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. त्यांत बिस्किटे, चॉकलेट, फरसाण, नूडल्स पाच टक्क्यांवर आली आणि लहान मोटारींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला. त्याच दिवशी सायकलीवरील कर बारावरून पाच टक्क्यांवर आला याची नोंद केलीच पाहिजे, आणि गोड वायुयुक्त पेयांवर ४० टक्के कर कायम राहिला हेही खरे. परंतु एकंदर झुकाव कोणीकडे आहे? गृहिणीने फोडणीतले तेल कमी करावे, कारखानदाराने बिस्किटातले करू नये.

बारा तासांच्या प्रश्नावर जरा थांबले पाहिजे. आठवड्याची मर्यादा तीच राहील, जादा कामाला दुप्पट मोबदला मिळेल, कामगाराची संमती घेतली जाईल, असे सांगण्यात येते. असंघटित कामगाराच्या संमतीची किंमत आपण जाणतो. हिशेब साधा आहे. बारा तास काम, जाण्यायेण्याचे दोन-अडीच तास, सात तास झोप. उरलेल्या अडीच तासांत आंघोळ, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजारी आईचे पथ्यपाणी. अशा माणसासमोर सरकार तंदुरुस्तीची शपथ ठेवते. १९ व्या शतकात आठ तासांच्या दिवसासाठी लढणाऱ्या कामगारांनी उरलेल्या वेळेची मागणी केली होती ती विश्रांतीसाठी आणि स्वतःच्या आयुष्यासाठी. त्या मागणीतच व्यायामाचे सर्वांत मोठे सार्वजनिक उत्तेजन दडलेले होते, आणि ते आता परत काढून घेतले जात आहे.

वेळेनंतर जागा. मुंबईच्या गिरणगावात एके काळी चाळीचाळींच्या आधाराने व्यायामशाळा चालत. कामगारांच्या वर्गणीवर लाकडी मलखांब उभे राहत, कबड्डीचे संघ घडत, गणपतीत लेझीम घुमे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभारले आणि तालमींना आश्रय दिला. तेही सार्वजनिक उत्तेजनच होते, पण त्यातून मैदान उभे राहिले, तालीम उभी राहिली, आणि तेथे गरिबाचे पोरही अंगाला माती लावू शकले. (या तालमी आणि व्यायामशाळा पुरुषांच्याच होत्या, ही त्यांची मर्यादा सांगितलीच पाहिजे.) गिरण्या बंद पडल्या तेव्हा मुंबईच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याची संधी आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचे तीन वाटे ठरविले होते: एक महापालिकेला मैदाने व उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता संपूर्ण जमिनीची न होता केवळ मुळातच मोकळ्या असलेल्या जागेची होणार होती, आणि गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? बहुतेक जमिनीवर शेड आणि गोदामे उभी होती. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. जेथे मुलांनी खेळावयाचे तेथे आज मॉल आणि मनोरे आहेत, आणि त्या मनोऱ्यांच्या तळमजल्यावर काचेच्या व्यायामशाळा आहेत, जेथे माणसे पैसे मोजून एका जागी धावतात. २०२५ च्या सप्टेंबरात अशा व्यायामशाळांवरील करही १८ वरून पाच टक्क्यांवर आणण्यात आला.

तिसरी गोष्ट बस आणि पदपथ. जो बसने जातो तो थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून चालतो. रोज, न ठरविता, कोणी न सांगता. दारातून मोटारसायकलीवर बसणारा चालत नाही. तेव्हा व्यायामाला सार्वजनिक उत्तेजन द्यावयाचे तर स्वस्त आणि भरपूर बस याहून सोपे साधन नाही. प्रत्यक्षात काय घडले? बेस्टच्या स्वमालकीच्या गाड्या एके काळी चार हजारांहून अधिक होत्या, त्या २०२५ पर्यंत हजाराच्याही खाली आल्या. ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले, १ जूनपासून पुण्यातही तेच. किमान भाड्याच्या अंतरात रोज जाऊन येणाऱ्या कामगाराचा महिन्याचा खर्च सव्वीस दिवसांना २६० वरून ५२० रुपयांवर गेला. मुंबई महापालिकेच्या २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या अंदाजपत्रकात बेस्टच्या वाट्याला १,००० कोटी आले. त्याच शहराने सुमारे चौदा हजार कोटी खर्चून सागरी किनारा मार्ग बांधला आहे आणि त्यावर दुचाकीलाही प्रवेश नाही. भाडेवाढीमुळे गरीब पायी चालू लागेल, तेवढाच व्यायाम, असे म्हणणारा अर्थशास्त्रज्ञ मला अजून भेटलेला नाही, पण भेटेल.

आणि पायी चालणाऱ्याचे काय होते? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. दररोज जवळजवळ नव्वद. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला असे सांगावे लागले की चालण्यायोग्य पदपथ हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योगांव्यतिरिक्त काम करणाऱ्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लोक कामावर पायी वा सायकलने जात असल्याचे आढळले होते. ही माणसे आधीपासूनच सरकारला हवा असलेला व्यायाम करीत होती, आणि त्याबद्दल त्यांना मिळाले काय तर उघडी गटारे, खोदून ठेवलेले रस्ते आणि पदपथावर लावलेल्या मोटारी. ज्याच्या हाती चार पैसे आले तो पहिल्या संधीला हप्त्यावर दुचाकी घेऊन या नरकातून सुटला. आता त्याला पुन्हा पायउतार करण्यासाठी बक्षीस द्यावयाचे म्हणतात!

स्त्रियांचा प्रश्न याहूनही बिकट. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील ५७ टक्के प्रौढ स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के. आणि २०२४ च्या शासकीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला २८९ मिनिटे घरकामात जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटे. थकवा आहे आणि व्यायाम नाही, अशी ही कोंडी आहे. अंधाऱ्या रस्त्यावरून, शौचालय नसलेल्या वस्तीतून, टपरीवरच्या नजरा झेलीत तिने सायंकाळी फिरावयास जावे यासाठी कोणते कूपन पुरेल? याउलट तामिळनाडूने २०२१ पासून आणि कर्नाटकाने २०२३ पासून स्त्रियांना बसप्रवास मोफत केला, महाराष्ट्राने २०२३ मध्ये एसटीचे भाडे निम्मे केले. या योजनांना कोणी आरोग्ययोजना म्हटले नाही. पण घराबाहेर पडून थांब्यापर्यंत चालणारी स्त्री हा त्यांचा रोजचा परिणाम आहे, आणि त्यासाठी कोणालाही मनगटावर पट्टा बांधावा लागला नाही.

मग किमतीचे शस्त्र वापरूच नये काय? वापरावे, पण उत्पादकावर. २०१४ पासून मेक्सिकोने गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसविला आणि विक्री घटली. केरळात डाव्या आघाडीच्या सरकारने २०१६ साली नाममुद्रांकित उपाहारगृहांतील बर्गर-पिझ्झ्यावर १४.५ टक्के कर लावला. त्याचे क्षेत्र फार अरुंद होते, टीका झाली ती सर्वस्वी चुकीची नव्हती. पण वर्षभरातच वस्तू व सेवा कर आला आणि असा प्रयोग सुधारून पुन्हा करण्याचा राज्यांचा अधिकारच संपला. त्या अधिकाराची मागणी आपण सोडून देता कामा नये.

व्यक्तीची काहीच जबाबदारी नाही काय, हा प्रश्न सभेत नेहमी येतो. जबाबदारी आहे. ज्याला वेळ आणि जागा आहे त्याने जरूर चालावे, आणि आपल्यातील कित्येक कार्यकर्ते बैठकांमागून बैठका घेत (आनंद विहारच्या नव्हेत) चहा आणि वडे यांवर जी प्रकृती कमावून बसले आहेत त्यांनी तर अवश्य चालावे. परंतु ज्याचा वेळ कायद्याने लांबविलेल्या पाळीने घेतला आणि ज्याची जागा मोटारीने घेतली त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणाला? पदपथ बांधावयास वर्षे लागतात, बक्षीस उद्या देता येते, हाही युक्तिवाद ऐकू येतो. बसचे भाडे पाच रुपयांवर परत आणावयास एक ठराव लागतो. पदपथावरील मोटारी उचलावयास एक आदेश लागतो. कामाचे तास पूर्ववत ठेवावयास तर काहीच करावे लागत नाही, केवळ थांबावे लागते.

प्रभागात काम करणाऱ्यांसाठी एक सूचना करतो. प्रत्येक शहराची विकास योजना हा सार्वजनिक दस्तऐवज असतो आणि मैदान, उद्यान, व्यायामशाळा यांसाठी आरक्षित केलेले भूखंड त्यात क्रमांकासह दाखविलेले असतात. नगररचना विभागातून आपल्या प्रभागाचा नकाशा मिळवावा, आरक्षणांची यादी उतरवून घ्यावी आणि दोन-तीन रविवारी ती घेऊन पायी हिंडावे. कोठे मैदान आहे, कोठे वाहनतळ झाला, कोठे मंगल कार्यालय उठले, कोणत्या आरक्षणात केव्हा आणि कोणाच्या ठरावाने बदल झाला, हे लिहून काढावे. बसथांब्यापासून वस्तीपर्यंतचा पदपथ कोठे तुटतो, दिवा कोठे नाही, तेही त्याच वहीत टिपावे. ही वही अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी तयार असली पाहिजे.